मुलाची भेट हा मुलाचाच हक्क, व्हिसा अधिकाऱ्याची मेहेरबानी नव्हे!

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कार्यालयात एक तरुण आला. वस्तीतलाच. बाप रेल्वेत गँगमन, पोरगा शिकून अभियंता झालेला. बायको परिचारिका. तिला ब्रिटनमध्ये नोकरी लागली तेव्हा तिच्या व्हिसाच्या आधाराने तोही गेला. तिथे मुलगी झाली. पुढे नवराबायकोचे पटले नाही, दोघे वेगळे झाले, आणि बायकोच्या आधाराने मिळालेला त्याचा व्हिसाही संपला. तो नागपूरला परत आला, मुलगी आईजवळ राहिली. आई आता तिथे कायमची स्थायिक आहे, मुलगी ब्रिटिश नागरिक आहे. तिला सातवे वर्ष लागले आहे. रोज रात्री नऊ वाजता, म्हणजे तिकडे शाळा सुटल्यावर, फोनच्या पडद्यावर बापलेकीची भेट होते.

त्याने आमच्यापुढे एक जाड फाईल ठेवली. व्हिडिओ कॉलची चित्रे, वाढदिवसाला पाठवलेल्या खेळण्यांच्या पावत्या, दर महिन्याला पैसे पाठवल्याच्या बँकेच्या नोंदी. त्याचा प्रश्न साधा होता, "वकीलसाहेब, एवढा पुरावा आहे. मला बाप म्हणून व्हिसा मिळेल ना?"

आम्हाला त्याला सांगावे लागले की, या फाईलमध्ये सर्व काही आहे, फक्त कायद्याला जे हवे तेच नाही.

हा प्रश्न एका बापाचा असता तर त्यावर आम्ही लेख लिहिला नसता. परंतु मागच्या वीस-पंचवीस वर्षांत आपली मुले-मुली शिष्यवृत्ती घेऊन, कर्ज काढून, परिचारिका होऊन, संगणकाच्या कामावर परदेशी गेली. त्यांचे संसार दोन देशांत विभागले गेले. संसार मोडतो तेव्हा दोन माणसे वेगळी होतात, पण मूल मात्र दोघांचेच राहते. अशा मुलाला भेटण्याचा हक्क परदेशी व्हिसाच्या कायद्यात कसा बसतो, हे आपल्या समाजाने समजून घेण्याची वेळ आली आहे.

नियम काय म्हणतो?

ब्रिटनमध्ये ९ जुलै २०१२ पासून कुटुंबाच्या व्हिसासाठी नवे नियम लागू झाले. 'परिशिष्ट एफएम' या नावाने ते ओळखले जातात. त्यात पालकासाठी एक स्वतंत्र मार्ग आहे. मूल अठरा वर्षांखालील असावे, ते ब्रिटनमध्ये राहणारे असावे, आणि ते ब्रिटिश नागरिक किंवा स्थायिक असावे, ही त्याची ढोबळ चौकट. ज्याचा मुलाच्या दुसऱ्या पालकाशी संसार चालू आहे त्याने या मार्गाने यायचे नाही, त्याने जोडीदाराच्या मार्गाने यायचे. म्हणजे हा मार्ग मुख्यतः विभक्त झालेल्या आई-बापांसाठीच आहे.

खरी मेख पुढे आहे. अर्जदाराने दोनपैकी एक गोष्ट सिद्ध केली पाहिजे. एक तर मुलाची संपूर्ण जबाबदारी आपल्या एकट्यावर आहे. नाहीतर मुलाला प्रत्यक्ष, समोरासमोर भेटण्याचा हक्क आपल्याला आहे. हा हक्क मूल ज्याच्याजवळ राहते त्या पालकाने मान्य केलेला असावा किंवा ब्रिटनमधील न्यायालयाने दिलेला असावा. याशिवाय मुलाच्या संगोपनात आपण सक्रिय भाग घेत आहोत आणि पुढेही घेणार आहोत, याचा पुरावा द्यावा लागतो.

वाचायला हे सारे न्याय्य वाटते. मुलाशी संबंध नसलेल्या माणसाने मुलाचे नाव पुढे करून व्हिसा मिळवू नये, हा हेतू आम्हालाही मान्य आहे. परंतु नियमाचे शब्द नागपूरच्या, नांदेडच्या किंवा मुंबईच्या बापाला लावून पाहिले म्हणजे त्यातला पेच कळतो. प्रत्यक्ष भेट सिद्ध केल्याशिवाय व्हिसा नाही, आणि व्हिसा नसल्यामुळे प्रत्यक्ष भेट नाही! रोजचा व्हिडिओ कॉल हा संगोपनाचा पुरावा होऊ शकतो, पण 'समोरासमोर' या शब्दाची जागा तो घेऊ शकत नाही. मग पर्यटक म्हणून जावे म्हटले, तर तिथे वेगळीच शंका उभी राहते. ज्याचे मूल तिकडे आहे तो माणूस मुदत संपल्यावर परत जाईल कशावरून? एका अर्जात मुलाचे प्रेम कमी पडते आणि दुसऱ्या अर्जात तेच प्रेम जास्त होते.

दुसरा पेच संमतीचा आहे. मूल ज्याच्याजवळ आहे त्याने लेखी दिले तर मार्ग सोपा. नाही दिले तर न्यायालय. ब्रिटनमध्ये मुलाचा सांभाळ व भेटी यांबाबतचा आदेश १९८९ च्या बाल कायद्याखाली मिळतो. पूर्वी ताब्याचा आणि भेटीचा असे दोन वेगळे आदेश असत, २०१४ पासून त्यांच्या जागी एकच आदेश आला. परंतु तिथला वकील करायला पैसे कुठून आणायचे? एप्रिल २०१३ पासून तिथल्या सरकारने सरकारी खर्चाने मिळणाऱ्या कायदेशीर मदतीतून बहुतेक खाजगी कौटुंबिक दावे आणि आश्रयाव्यतिरिक्तची बहुतेक स्थलांतराची प्रकरणे वगळली. कौटुंबिक अत्याचाराच्या बळींसाठी काही अपवाद ठेवले. म्हणजे हक्क कागदावर ठेवला आणि तिथपर्यंत जाणारी शिडी काढून घेतली. हा प्रकार आपल्या लोकांना नवा नाही.

पैशाची भिंत

ज्यांचा संसार मोडलेला नाही, त्यांचीही सुटका नाही. जोडीदाराला ब्रिटनमध्ये आणण्यासाठी २०१२ साली किमान वार्षिक उत्पन्नाची अट घालण्यात आली, १८,६०० पौंडांची. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जदारांसाठी ती २९,००० पौंड करण्यात आली. याशिवाय आरोग्यसेवेचा अधिभार आहे, तो फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढ माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड झाला. झाडलोट करणाऱ्याला, हॉटेलात भांडी घासणाऱ्याला, वृद्धांची सेवा करणाऱ्याला ही अट पेलत नाही. श्रीमंताचे कुटुंब हे कुटुंब आणि गरिबाचे कुटुंब हा सरकारी तिजोरीवरचा बोजा, असा या अटीचा सरळ अर्थ निघतो. पालकाच्या मार्गाला ही विशिष्ट रक्कम लागू नाही, तिथे सरकारी मदत न घेता पुरेसा निर्वाह होईल एवढे दाखवावे लागते. परंतु तो मार्ग खुला व्हायला आधी संसार मोडावा लागतो!

इंग्लंडच्या बाल आयुक्तांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात या अटीमुळे एका पालकापासून दूर वाढणाऱ्या मुलांची परिस्थिती मांडली गेली. 'स्काईप कुटुंबे' हा शब्द तेव्हापासून तिकडे रूढ झाला. २०१७ साली 'एमएम (लेबनॉन)' या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्नाची अट मुळात बेकायदा नाही असे म्हटले, पण मुलांच्या हिताकडे पाहण्याचे जे कर्तव्य कायद्याने सरकारवर टाकले आहे त्याला या नियमांनी न्याय दिला नाही, असा स्पष्ट ठपका ठेवला. त्यानंतर ऑगस्ट २०१७ मध्ये नियम बदलले. अर्ज नाकारल्याने अर्जदारावर किंवा संबंधित मुलावर असमर्थनीय कठोर परिणाम होतील काय, हे अधिकाऱ्याने तपासले पाहिजे, असे त्यात आले. हे वाक्य आपल्या लोकांनी ध्यानात ठेवावे. ते अर्जात मांडले नाही तर अधिकारी आपणहून शोधायला बसत नाही.

न्यायालये काय म्हणाली?

भेटीच्या हक्काचा कायदा एका मोरोक्कन मजूर बापाच्या लढ्यातून पुढे गेला आहे. बेरेहाब हा मोरोक्कोचा माणूस हॉलंडमध्ये राहत होता. डच पत्नीशी त्याचा घटस्फोट झाला आणि संसार संपला म्हणून सरकारने त्याचा राहण्याचा परवानाही संपवला. मुलगी लहान होती, तो तिला आठवड्यातून चार वेळा भेटत असे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २१ जून १९८८ रोजी निकाल दिला की, नवरा-बायको वेगळे झाले म्हणून बाप-लेकीचे कौटुंबिक जीवन संपत नाही, आणि त्याला देशाबाहेर काढणे हा त्या हक्काचा भंग आहे. पुढे २००० साली चिलिझ या तुर्की बापाच्या प्रकरणात तेच न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेले. मुलाच्या भेटीचा दावा न्यायालयात चालू असताना बापाला देशाबाहेर काढले, तर त्या दाव्याचा निकालच आधी ठरवून टाकल्यासारखे होते, हे त्या न्यायालयाने ओळखले.

ब्रिटनमध्ये २००९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने स्थलांतर खात्यावर मुलांचे कल्याण जपण्याचे कर्तव्य टाकले. २०११ च्या 'झेडएच (टांझानिया)' प्रकरणात न्यायमूर्ती लेडी हेल यांनी लिहिलेल्या निकालाने मुलाचे हित हा विचारात घ्यायचा प्रथम दर्जाचा मुद्दा ठरवला. आईने स्थलांतराच्या नियमांचा भंग केला म्हणून तिच्या मुलांना शिक्षा देता येणार नाही, हे त्यातले सार. आई-बापाच्या चुकीचे ओझे लेकराच्या डोक्यावर द्यायचे नाही, हे तत्त्व आपल्याला कोणी शिकवायला नको. जन्माच्या नावावर पिढ्यान् पिढ्या शिक्षा भोगलेला आपला समाज आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात याचे मूळ आहे. कलम ९ सांगते की, विभक्त पालकांच्या मुलाला दोघांशीही नियमित प्रत्यक्ष संबंध ठेवण्याचा हक्क आहे, तो मुलाच्या हिताला बाधक असेल तेवढाच अपवाद. कलम १० सांगते की, कुटुंब एकत्र येण्यासाठी केलेले अर्ज सरकारांनी माणुसकीने आणि तातडीने हाताळावेत. ब्रिटनने १९९१ साली हा करार मान्य करताना स्थलांतराचा विषय बाजूला ठेवला होता, तो आक्षेप २००८ साली मागे घेतला. भारताने हा करार डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारला. तेव्हा हक्क मुलाचा आहे. बाप किंवा आई त्या हक्काचे निमित्त आहेत.

हे एकदा मान्य केले म्हणजे त्याची दुसरी बाजूही मान्य करावी लागते. भेटीच्या नावाखाली बायकोचा पिच्छा पुरवणारे, मुलाच्या आडून धमक्या देणारे बापही आहेत. आम्ही वकिलीत ते पाहिले आहेत. अशा ठिकाणी आईची संमती ही तिची ढाल असते, आणि मुलाचे हित भेट नाकारण्यात असू शकते. न्यायालयाने तपासून तसे ठरवले तर आमची तक्रार नाही. आमची तक्रार आहे ती कोणी न तपासताच, केवळ अंतर आणि पैसा यांमुळे भेट मरते त्याबद्दल.

उलटा नियम

आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. आपली एखादी घटस्फोटित मुलगी ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून जाते आणि भारतात आजीजवळ ठेवलेले मूल तिला नेायचे आहे. इथे नियम उलटा होतो. मुलाचे दोन्ही पालक तिकडे नसतील, तर जाणाऱ्या पालकावर मुलाची एकट्याची जबाबदारी आहे हे तिने सिद्ध करावे लागते, नाहीतर तितकेच गंभीर कारण दाखवावे लागते. २००६ च्या 'टीडी (येमेन)' प्रकरणात न्यायाधिकरणाने याचा अर्थ सांगितला. रोज जेवू कोण घालते हा मुद्दा नाही, मुलाच्या आयुष्याचे महत्त्वाचे निर्णय कोण घेते हा मुद्दा आहे. बाप अधूनमधून भेटतो एवढ्यानेच आईचा अर्ज पडत नाही. पण शाळा, दवाखाना, पासपोर्ट यांचे निर्णय दोघे मिळून घेत असतील, तर अडचण उभी राहते. म्हणजे ज्या समंजस जोडप्याने भांडण न करता मूल वाढवले, त्यांनाच हा नियम अडवतो.

शिकायला जाणाऱ्यांचेही तेच. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी ब्रिटनने विद्यार्थ्यांना जोडीदार आणि मुले नेण्यास मनाई केली, संशोधन पदव्या आणि सरकारी शिष्यवृत्तीवरचे विद्यार्थी यांचा अपवाद ठेवून. वृद्धांच्या सेवेसाठी जाणाऱ्या कामगारांना ११ मार्च २०२४ पासून कुटुंब नेण्याची मनाई झाली, आणि जुलै २०२५ मध्ये बाहेरून नवी भरतीच बंद झाली. आमच्या आईबापांची सेवा करायला या, तुमची लेकरे मात्र मागे ठेवा, असा हा व्यवहार!

कोणी म्हणेल, बाबासाहेब लंडनला शिकत असताना रमाई मुंबईत लेकरे घेऊन राहिल्याच ना? होय, राहिल्या. त्या वियोगाची किंमत त्यांनी मोजली म्हणून आज आपण उभे आहोत. पण त्या त्यागाचा आदर करणे वेगळे आणि तोच त्याग आजच्या प्रत्येक आईवर नियमाने लादणे वेगळे.

आणखी एक दुखणे आहे. नवरा सुट्टीच्या निमित्ताने बायकोला मायदेशी आणतो, तिचा पासपोर्ट काढून घेतो, आणि मुलाला घेऊन एकटाच परत जातो. असे टाकून दिलेल्या बायकांना परत जाण्याचा मार्ग नियमात नव्हता. २०२२ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने, मुलीपासून तोडलेल्या एका पाकिस्तानी आईच्या प्रकरणात ही उणीव बेकायदा ठरवली. जानेवारी २०२४ अखेर नवे नियम आले आणि अशा स्त्रियांना देशाबाहेरून अर्ज करण्याची सोय झाली. एक आई लढली आणि अनेकींचा दरवाजा उघडला.

आपल्या घरातली चूक

परदेशी सरकारला दोष देऊन लेख संपवणे सोपे आहे. पण आम्ही त्या तरुणाला विचारले, "तुमच्या फारकतीचा कागद दाखवा." त्याने फाईलच्या तळातून एक मुद्रांकपेपर काढला. नागपुरात दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसली होती, पंचांच्या सह्या होत्या, नोटरीचा शिक्का होता. दागिने कोणी परत करायचे, भांडी कोणाची, लग्नाचा खर्च कोणी कोणाला द्यायचा, सगळे क्रमवार लिहिले होते. मुलीला बापाने कधी, कुठे भेटायचे याची एक ओळ नव्हती. त्या कागदात मुलीचे नावदेखील नव्हते.

आपल्या समाजात आजही सर्रास हे चालते. नोटरीपुढे सोडचिठ्ठी केली की झाले, असा समज आहे. बांधवहो, असे होत नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा अज्ञानपालकत्व कायदा बौद्धांनाही लागू आहेत. जातीच्या रूढीने झालेली फारकत कायदा काही अटींवर ओळखतो, पण ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. ज्या जुन्या रूढी आपण १९५६ साली दीक्षाभूमीवर टाकून आलो, त्यांच्याच आधाराने सोडचिठ्ठी कशी टिकवणार? घटस्फोट हवा तर न्यायालयाचा हुकूमनामा घ्या. परस्पर संमतीने कलम १३-ब खाली अर्ज करता येतो, आणि मुलांचा ताबा, पोषण, शिक्षण यांचे आदेश कलम २६ खाली त्याच दाव्यात मागता येतात. बाबासाहेबांनी ज्या हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्याच विषयावरचे हे पुढचे कायदे आहेत. ते अपुरे असतील, पण ते वापरायचेच नाहीत हा शहाणपणा नव्हे.

भेटीबद्दल आपले सर्वोच्च न्यायालयही बोलले आहे. 'यशिता साहू' प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये त्याने म्हटले की, मूल एका पालकाजवळ असले तरी दुसऱ्याच्या सहवासाचा त्याला हक्क आहे, भेटीचे आदेश स्पष्ट असावेत, आणि पालक दूर देशात असतील तर व्हिडिओ कॉलने संपर्काची सोय असावी. हे आपल्या दाव्यांत मागणारे वकील किती?

आणि एक कडू सत्य. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. सामील व्हावे अशी शिफारस विधी आयोगाने २००९ साली केली होती. छळातून पळून मायदेशी आलेल्या आयांना हा करार परत ढकलेल, ही भीती खरी आहे आणि तिचा विचार झालाच पाहिजे. परंतु करार नसल्याचा परिणाम असा की, मूल एकदा भारतात गेले तर परत येईल काय, ही शंका परदेशी न्यायालयापुढे मांडली जाते. त्या शंकेची झळ प्रामाणिक बापालाही लागते.

मग करायचे काय? वेगळे होताना मुलाच्या भेटीचा करार लेखी करा. वार, वेळ, सुट्ट्या, फोनची वेळ, प्रवासाचा खर्च सर्व त्यात असावे, आणि तो न्यायालयाच्या हुकूमनाम्यात उतरवा. मूल ब्रिटनमध्ये असेल तर तिथल्या न्यायालयाचा आदेश मिळवण्याच्या कामाला लागा, कारण तिथला नियम त्यालाच मानतो. मुलाच्या शाळेशी आणि डॉक्टरांशी स्वतःच्या नावाने पत्रव्यवहार ठेवा. अर्जात मुलाच्या हिताचा आणि मानवी हक्काचा मुद्दा स्पष्ट लिहा. मानवी हक्काच्या आधारावरचा अर्ज नाकारला गेल्यास देशाबाहेरून अपील करण्याची मुदत साधारणतः २८ दिवसांची असते, ती चुकवू नका. पर्यटक व्हिसा नाकारल्यास मात्र सहसा असे अपील नसते, म्हणून तो अर्ज घाईने करू नका. आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्याच्याजवळ मूल आहे त्याला शिव्या देणारे संदेश पाठवू नका. ज्याची संमती उद्या लागणार आहे त्याचा आज अपमान करणे ही मूर्खपणाची परिसीमा आहे.

आपल्या संस्थांनीही यात उतरले पाहिजे. परदेशी शिष्यवृत्तीसाठी मार्गदर्शन शिबिरे आपण घेतो, त्यात मुलांच्या ताब्याचे आणि भेटीचे कागद हा एक तास ठेवा. ब्रिटनमधल्या आपल्या संघटनांनी इथल्या वकिलांशी संपर्क ठेवावा. नवरा-बायकोत कोण बरोबर, कोण चूक हे ठरवायला समाज बसतो, तेव्हा मुलाच्या वतीने बोलणारा एक माणूस त्या बैठकीत असावा.

त्या तरुणाला आम्ही घाई करू दिली नाही. आधी मुलीच्या आईला एक साधे, सभ्य पत्र लिहायला लावले. त्यात व्हिसाचा शब्द नव्हता. मुलीला वर्षातून दोनदा समोर पाहता यावे, एवढेच मागितले होते. उत्तर यायला दीड महिना लागला. ती म्हणाली, मुलगी विचारत असते. मी लिहून देते, पण भेटी माझ्या शहरात होतील आणि पासपोर्ट माझ्याजवळ राहील. आम्ही त्याला म्हटले, या अटी मान्य करा. तिची भीतीही खरी आहे. आता तिकडचा एक वकील त्या दोघांच्या कबुलीवर न्यायालयाचा आदेश मिळवण्याच्या खटपटीत आहे.

व्हिसा मिळेल की नाही हे आम्ही आज सांगू शकत नाही. पण सात वर्षांच्या त्या मुलीचे नाव आता एका कागदावर आले आहे. फारकतीच्या दिवशीच ते यायला हवे होते.